पयले बादली, मंग भाकर

पहिल्या भेटीत तिनं मला ना नाव विचारलं, ना गाव, ना जात. दारात आडवी उभी राहून म्हणाली, "हात दाखवा." मी दोन्ही तळवे पुढं केले. तिनं ते उलटेसुलटे केले, बोटं एकेक करून वाकवून पाहिली, मनगट दाबलं आणि म्हणाली, "कागदाचं काम दिसते. सांधे कोरे हायेत. आडावर जा अन् एक बादली ओढून आना. पयले बादली, मंग भाकर."

मी जेवायला आलो होतो. साताऱ्याकडच्या आमच्या घरी पुरुषानं नुसतं खाकरलं तरी पाण्याचा तांब्या हातात यायचा. इथं एक परकी बाई मला, अंगात कोट घातलेल्या माणसाला, आडाचं पाणी ओढायला सांगत होती. मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो. ती थट्टा करत नव्हती. मी कोट खुंटीला लावला आणि बादली ओढली. पुढं त्या घरात मला जे धक्के बसत गेले, त्यातला हा सगळ्यात हलका.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. खामगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये मी कारकून म्हणून नुकताच रुजू झालो होतो. जिनच्या मागच्या गल्लीत मावशीची खानावळ होती. घर तिच्या नवऱ्याच्या पाठीमागं तिला राहिलेलं, दोन खोल्यांचं, अंगणात आड. पंगतीला आम्ही सगळे बायकापोरं गावाकडं ठेवून आलेले किंवा अजून लग्नच न झालेले: कापसाची प्रत ठरवणारा एक ग्रेडर, प्राथमिक शाळेतले एक मास्तर, तेलाच्या गिरणीतला एक फिटर, आणि असेच आणखी काही जण. ग्रेडर वयानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. पंगतीत तो बोलायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

मावशी उभ्यानं स्वयंपाक करायची. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही, पण त्या वेळी चूल जमिनीवर आणि बाई चुलीपुढं उकिडवी, याहून वेगळं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. हिनं गवंडी बोलावून कमरेइतका मातीचा ओटा बांधून घेतला होता आणि चूल त्यावर चढवली होती. पीठ मळायची काटवटही तिथंच. उभी राहून, कोपरं अंगाजवळ धरून ती भाकरी थापायची, थोड्या भाकरी उजव्या हातानं, मग थोड्या डाव्यानं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, उभ्यानं भाकर थापली तर लक्ष्मी उभ्या उभ्याच निघून जाते. मावशी म्हणायची, "जाऊ द्या तिले. बसून बसून तिचे बी गुडघे दुखत असतीन."

ग्रेडरला मात्र ते फार लागायचं. बाईमाणूस आपल्याकडं पाठ करून उभी आहे आणि आपण खाली पाटावर बसून जेवतो आहोत, हे त्याला अपमानाचं वाटे. त्यानं कुरकुर करून करून शेवटी मावशीला चुलीच्या खोलीच्या दाराला गोणपाटाचा पडदा लावायला लावला. "झालं?" ती म्हणाली. "आता आवाज ऐका अन् जेवा." तेव्हापासून आम्ही तो आवाज ऐकत जेवायचो. ओल्या पिठावर हात पडल्याचा आवाज, मग तव्यावर भाकर पडल्याचा. पडद्याच्या कडेनं हात बाहेर यायचा, त्या हातावर भाकर असायची.

जेवण झालं की ज्याचं ताट त्यानं घासायचं. खरकटं काढणं, ताट विसळणं, पालथं घालणं, सगळं पुरुषांनी. ही गोष्ट मी गावी आईला सांगितली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला आणि विचारलं, ती बाई शुद्धीत आहे ना. मलाही ती शंका होतीच. तरी आम्ही तिथं का जायचो, तर त्या भाकरीसाठी. ज्वारीची पातळ, पापुद्रा सुटलेली भाकर, वांग्याची भाजी आणि वर मिरचीचा ठेचा. गावात दुसरीकडं जेवून पाहिलेला माणूस मुकाट्यानं परत येऊन बादली ओढायचा.

सांध्यांच्या बाबतीत ती वेडी होती, हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे. धुतलेलं लुगडं ती कधी पिळायची नाही. तसंच ओलंगच्च दोरीवर टाकायची आणि अंगणात दिवसभर थेंब पडत राहायचे. दार कोपरानं लोटायची. घागर बोटांनी न धरता लेकरू घ्यावं तशी दोन्ही हातांच्या कवेत घ्यायची. पंगतीत एकदा मी सवयीनं बोटं मोडली, तर पडदा बाजूला सारून ती बाहेर आली आणि उलथनं माझ्यासमोर धरून म्हणाली, "पुन्हा मोडजो मंग पाह्यजो. सांध्यातून वारा आत जाते." तिच्या काही समजुती तर साफ खुळ्या होत्या. दह्यानं मनगट गार पडतं आणि अमावास्येला गुडघा आखडतो म्हणायची, आणि पायात तांब्याची तार बांधून हिंडायची. "सांधा गेला का धंदा गेला," हे मात्र तिचं रोजचं ब्रीद होतं.

ती जमिनीवर कधीच बसायची नाही. तिचा एक लाकडी स्टूल होता, तो घेऊन ती सगळीकडं जाई. शेजारी एक म्हातारे वारले. बायका भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, रडणं चाललं होतं. मावशी स्टूल डोक्यावर घेऊन आली, मृताच्या पायाशी तो मांडला आणि त्यावर बसून पदर डोळ्यांना लावला. रडणं जागच्या जागी थांबलं. कुणीतरी म्हणालं, "मावशे, मरणाच्या घरी तरी खाली बसावं." ती डोळे पुसत म्हणाली, "तो काही आता उठत नाही. मले तं उठा लागन." मी दारात उभा होतो. लाजेनं मला कुठं पाहावं कळेना. पण ती रडत होती ते खरं होतं, तेही मला दिसत होतं.

या सगळ्याच्या मागं काय आहे ते एका दुपारी कळलं. ग्रेडरचा अंगठा सुजला होता. कापसाचा तंतू किती लांब हे पाहायला तो दिवसभर बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायचा. मावशीनं त्याचा अंगठा गरम तेलात भिजवलेल्या फडक्यात बांधला आणि बांधता बांधता बोलली. "माह्या मायचे हात असेच सुरू झाले. मंग बोटं वाकडी झाली. मंग मूठ मिटे ना. भाकर समोर ठेवेल राहे अन् माय तिच्याकडे पाहत बसे. सुना म्हनत, भरवतो, भरवतो. भरवत. पन त्यायचं काम झाल्यावर." मावशीनं गाठ मारली. "मले कोनाच्या हातानं जेवाचं नाही," ती म्हणाली.

तिला एक दीर होता, वरवट बकालला. शेती, माणसांनी भरलेलं मोठं खटलं. मोसमात कापूस घेऊन खामगावला आला की तो वहिनीकडं चहाला यायचा. बैल घेताना माणूस जसा गुडघे चाचपतो तसा तो तिच्या हातांकडं पाहायचा. हात चालत असले तर तिकडं रांधायला ती हवी होती, आणि हात गेले तर इकडचं घर आणि आड त्याला हवा होता. तो तोंडानं काळजीचंच बोलायचा. "वहिनी, कुठवर एकट्या राबसान? चाला घरी. एक कोपरा तुमचाच हाय." मावशी त्याच्यासमोर मूठ मिटायची, उघडायची आणि म्हणायची, "अजून चालते, भाऊजी." तो गेल्यावर एकदा मला म्हणाली, "हात गेले का वरवट बकाल. हे माहं गनित हाय."

दिवाळीनंतर पोस्टात एक तरुण कारकून बदलून आला आणि खानावळीत आला. मावशीनं नेहमीप्रमाणं दारात त्याचे हात पाहिले. या वेळी जरा जास्त वेळ पाहिले. तळव्याच्या कडेला तव्याचे चटके होते, जुने.

"भाकरी टाकतं काय बे?"

"हाव," तो म्हणाला. "माय खडी फोडे. तिचे हात गेले. मंग लहानपनापासून मीच टाकतो."

"कोन्या गावचा?"

"धामणगाव बढे."

मास्तर मान वर करून ऐकत होते. त्यांनी कधी काळी त्या बाजूला नोकरी केलेली. त्यांनी आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मास्तरांचा घास हातातच राहिला. तो बौद्ध होता. त्याच्या घरच्यांनी धर्म बदलून थोडीच वर्षं झाली होती, पण आमच्या पंगतीला बदललेला धर्म दिसत नव्हता, जुनी जातच दिसत होती. मावशीनं सगळं ऐकलं होतं. तिनं आडाकडं बोट केलं. "एक बादली ओढून आन. पयले बादली, मंग भाकर."

मी शपथेवर सांगतो, त्या अंगणात रहाटाचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. तो ओढत होता, आणि आम्ही सगळे ताटांवर बसून दोराकडं पाहत होतो. मलाही धक्का बसला होता. आमच्या गावात त्या वेळी अशा बादलीवरून डोकी फुटली असती. तो बादली घेऊन आला, रांजणात ओतली, आणि पंगतीच्या टोकाला बसला.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी ग्रेडर सगळ्यांच्या वतीनं बोलला. जेवू दे त्याला, आमचं काही म्हणणं नाही, काळ बदलला आहे. फक्त आडाला हात नको. त्याची बादली आम्ही पाळीपाळीनं ओढू. मला हे फार उदारपणाचं वाटलं होतं. मावशी पडद्यातून बाहेर आली.

"त्याची बादली तुम्ही ओढसान?"

"ओढू."

"अन् उद्या कोनी म्हनन का ग्रेडरसाहेबाची मी ओढतो, मंग परवा सगळ्यायची मलेच ओढा लागन. नेम मोडला का मनगट मोडलं." तिनं हाताचं पीठ झटकलं. "मले जातपात समजत नाही असं नका समजू. समजते. मी काही मोठी बाई नाही. पन मनगट अगोदर."

ग्रेडर उठला. त्याच्यामागं मास्तर, मग आणखी अर्धी पंगत. ताटं घासून, पालथी घालून गेले, ती सवय सुटली नव्हती. मी बसून राहिलो. यात कसलं शौर्य नव्हतं, दुसरीकडची भाकर मी चाखून आलो होतो.

अर्धी पंगत गेली म्हणजे अर्धं घर गेलं. हिवाळा तिनं कसाबसा काढला. होळी झाली, ऊन तापलं, आणि एका सकाळी मी लवकर गेलो तर आतून वेगळाच आवाज येत होता. पडदा बाजूला करून पाहिलं. मावशी जमिनीवर बसली होती. समोर पाट्यावर उडदाचं घट्ट पीठ, आणि ते ती दोन्ही हातांनी बत्त्यानं कुटत होती. पापडाचं पीठ कुटायचं काम म्हणजे खांद्यापासून बोटापर्यंत एकही सांधा सुटत नाही. गल्लीतल्या घरांचे पापड तिनं अंगावर घेतले होते. मेलेल्या माणसापुढं जी बाई खाली बसली नाही, ती पापडासाठी खाली बसली होती. मला तो धक्का अजून आठवतो. "मावशी, हे काय," एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, "उन्हाळ्यापुरतं हाय."

उन्हाळा निम्मा व्हायच्या आत तिची मनगटं सुजली. मग एका सकाळी मूठ मिटेना. सुजेची बातमी कानावर गेली असावी, त्याच दिवशी दीर आला. तिनं हात पदराखाली लपवले होते. त्यानं पदर बाजूला केला, पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख आलं तसं समाधानही आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "झालं मंग," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी छकडा घेऊन येतो. सामान बांधून ठेवा, वहिनी." मावशी त्याच्यासमोर मूठ मिटायचा प्रयत्न करत होती आणि बोटं अर्ध्यात थांबत होती. मी तिला गप्प झालेलं पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मी त्या गल्लीत शिरलो. आता कुलूप दिसेल अशी मनाची तयारी केली होती. लांबूनच आवाज ऐकू आला. ओल्या पिठावर हात, मग तव्यावर भाकर. मी जवळजवळ पळतच गेलो. पंगतीत फिटर आणि आणखी एक जण जेवत होते. पडद्याच्या कडेला भाकर ठेवलेली होती, ती आपली आपण उचलायची. भाकर तशीच, पातळ, पापुद्र्याची. कुठलं औषध लागू पडलं कुणास ठाऊक, असं मी मनात म्हणालो. पोस्टातला मात्र पंगतीत नव्हता. त्यानंतरच्या दिवशीही नव्हता.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. मावशीच्या पंगतीतून तो पोस्टातला गेला. आधी मास्तर परत आले, मग एकेक करून सगळे, आणि सगळ्यात शेवटी ग्रेडर. बादली ओढून तो आपल्या जुन्या जागेवर बसला आणि पहिल्या घासाला डोळे मिटून म्हणाला, "शेवटी अक्कल आली म्हना मावशीले." मला वाईट वाटलं. तिनं नेम मोडला, असंच मलाही वाटलं होतं. तिच्या खुळेपणावर मी इतके दिवस हसत आलो होतो, आणि तो खुळेपणा संपला म्हणून मला चुकल्या चुकल्यासारखं होत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी पंगत भरलेली असताना दारात छकडा थांबला. दीर आत आला. सामान बांधलेलं नव्हतं. "वहिनी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

ग्रेडरनं त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. "कुठं म्हंजे? आवाज नाही ऐकू येत का, पावने? भाकरी थापून राह्यल्या. हे पाहा." त्यानं हातातली भाकर वर धरली. "हात गेले म्हने. असा हात साऱ्या खामगावात दाखवा मले. हिले कायले नेता तिकडे?"

दीर पडद्याकडं पाहत राहिला. आत भाकर थापल्याचा आवाज चालू होता.

आणि तेवढ्यात मावशी रस्त्यावरच्या दारातून आत आली. खांद्याला बाजाराची पिशवी, दोन्ही हातांना कोपरापर्यंत एरंडाची पानं बांधलेली. तिनं दार कोपरानं लोटलं, दिराकडं पाहिलं, पंगतीकडं पाहिलं, आणि आपला स्टूल पायानं ओढून त्यावर बसली.

आतला आवाज चालूच होता.

मी त्या पंगतीचे चेहरे विसरू शकत नाही. मास्तरांचा हात भाजीत होता तो तिथंच राहिला. फिटर पडद्याकडून मावशीकडं आणि मावशीकडून पडद्याकडं मान फिरवत होता. माझ्या तोंडात घास होता आणि तो चावायचा असतो हे मी विसरलो होतो. ग्रेडरच्या हातात भाकर अजून वरच होती. मग आतला आवाज थांबला, पडदा सरला, आणि पोस्टातला तरुण हातावर गरम भाकर घेऊन बाहेर आला. कोपरापर्यंत पीठ लागलेलं. "कोनाले देऊ?" त्यानं मावशीला विचारलं.

"इकडे भाऊजीले दे," मावशी म्हणाली. "पन पयले बादली."

दीर उलटा फिरला. छकडा रिकामाच गेल्याचं आम्ही बसल्या जागी ऐकलं.

मावशी सगळ्यांना उद्देशून बोलली, पण पाहत ग्रेडरकडं होती. "मूठ मिटली नाही त्या संध्याकाळी हा जेवाले आला. म्या म्हनलं, बावा, चूल बंद. यानं काही विचारलं नाही. हात धुतले अन् उभा राह्यला. मायचं पाह्यलं व्हतं त्यानं. मले डाक्टर म्हनते, उन्हाळाभर हाताले आराम द्या, मूठ येईन. तवर भाकर याचीच. तुम्ही खाऊन राह्यले, तुम्हीच तारीफ करून राह्यले. आता ज्याले उठाचं त्यानं उठा."

ग्रेडर उठला. भाकर ताटात ठेवली, धोतर झटकलं, आणि दाराकडं निघाला. चेहरा काळानिळा पडला होता.

"ग्रेडरसाहेब," मावशी म्हणाली. "ताट."

तो थांबला. त्याची पाठ आमच्याकडं होती. मला वाटलं आता हा काहीतरी भयंकर बोलणार. तो वळला, आणि वळताना त्याची नजर तिच्या पानं बांधलेल्या हातांवर गेली आणि तिथं बराच वेळ राहिली. मग त्यानं ताट उचललं, आडाजवळ नेऊन घासलं, पालथं घातलं आणि निघून गेला. मास्तरही गेले, ते पुन्हा कधीच आले नाहीत.

मावशीची मूठ पुढं खरोखरच आली. मी बदलून जाईपर्यंत दोघं वाटून भाकरी टाकत, सकाळी तो, संध्याकाळी ती. पुढं पुष्कळ वर्षांनी मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती स्टुलावर बसून आपल्या हातानं भाकर मोडून खात होती. वरवट बकालला ती शेवटपर्यंत गेली नाही. हे सगळं मला माहीत आहे, तरी तिचं नाव निघालं की मला दुसरंच काही आठवतं.

छकडा रिकामा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळीत गेलो, तर चुलीच्या खोलीच्या दाराला पडदा नव्हता. ओटा, चूल आणि त्यापुढं उभा राहून भाकर थापणारा तो, सगळं पंगतीतून सरळ दिसत होतं. तिथं बसून जेवायचं तर त्याच्याकडं पाहूनच जेवावं लागणार होतं. गोणपाट मावशीनं काढून बाहेरच्या उंबऱ्यात पाय पुसायला टाकला होता. मी पाय पुसले, बादली ओढली, आणि जागेवर बसलो.

थोड्या वेळानं ग्रेडर आला. तो उंबऱ्याबाहेर थांबला, खाली गोणपाटाकडं पाहिलं, आत चुलीकडं पाहिलं. मावशी स्टुलावर बसून होती, तिनं त्याला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. आम्ही सगळे जेवायचे थांबलो होतो. तो तिथं पुष्कळ वेळ उभा राहिला.

मग त्यानं पाय पुसले आणि आडाकडं गेला.